स्टॅलियनची फी वाजवी आहे का, हे कसं ओळखावं

डिसेंबर उजाडला की पुण्या-मावळातले दोन-चार घोड्या बाळगणारे मालक मला विचारू लागतात, "यंदा घोडी कुठे न्यायची?" पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "त्या स्टॅलियनची फी एवढी आहे, म्हणजे तो चांगलाच असणार ना?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर घोडीगणिक बदलतं. दुसऱ्याचं उत्तर दरवर्षी एकच असतं: स्टॅलियनची, म्हणजे पैदाशीच्या घोड्याची, फी हा विकणाऱ्याने सांगितलेला भाव आहे, आणि तो आपण तपासून घ्यायचा असतो.

मी वंशावळी आणि निकालांच्या कागदांवर काम करतो. त्या कामातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. स्टॅलियनची पिल्लावळ किती जिंकली हे पाहण्याआधी त्याच्याकडे कोणत्या प्रतीच्या घोड्या पाठवल्या गेल्या ते पाहावं. फीचं कोडं तिथेच सुटतं. त्याआधी मात्र फी म्हणजे नेमकं काय विकत घेणं, ते नीट कळायला हवं.

फीच्या बदल्यात काय मिळतं

थरोब्रेडमध्ये, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत, कृत्रिम रेतन चालत नाही. भ्रूण प्रत्यारोपणही चालत नाही. स्टड बुकात (जातीच्या अधिकृत नोंदवहीत) नाव लागायचं असेल तर शिंगरू नैसर्गिक संयोगातूनच जन्माला यावं लागतं. त्यामुळे एक घोडा एका हंगामात किती घोड्या फळवू शकतो, याला त्याच्या शरीराचीच मर्यादा आहे. फीचा सारा बाजार त्या मर्यादेवर उभा आहे.

हंगाम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो. घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते. इंग्लंड-अमेरिकेप्रमाणे आपल्याकडेही प्रत्येक थरोब्रेडचं वय १ जानेवारीला वाढतं. जानेवारीच्या शेवटी जन्मलेलं शिंगरू आणि मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाची ठरतात. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत चार महिन्यांची वाढ म्हणजे फार मोठा फरक. म्हणून फार्मने तीच फी सांगून एप्रिलच्या अखेरची तारीख दिली, तर तुम्हाला कमी माल त्याच भावात दिला जातोय असं समजा. फीविषयी बोलताना तारखेविषयीही बोलायचं.

मग अटी. ब्रिटन-आयर्लंडमध्ये बहुतेक करार '१ ऑक्टोबर'च्या अटीवर होतात: त्या तारखेला घोडी गाभण असेल तर फी द्यायची, नसेल तर नाही. अमेरिकेत शिंगरू जिवंत जन्मलं, उभं राहून आईला प्यायलं, की फी लागू होते. तिसरा प्रकार हमीविना, घोडी लागो न लागो पैसे गेले. पहिल्या प्रकारात ऑक्टोबरनंतर गर्भ पडण्याचा धोका तुमचा, दुसऱ्यात तो फार्मचा, तिसऱ्यात सगळाच तुमचा. एकाच आकड्याच्या तीन फी या तीन अटींवर तीन वेगळ्या किमतीच्या असतात. मी तर जिवंत शिंगराच्या अटीसाठी थोडी जास्त फी द्यायला नेहमी तयार असतो, विशेषतः घोडी पंधरा वर्षांच्या पुढची असेल तर.

फीचा चढउतार

घोडा शर्यतीतून निवृत्त होऊन स्टडवर, म्हणजे पैदाशीच्या फार्मवर, येतो त्या पहिल्या वर्षी त्याची फी तीन गोष्टींवर ठरते: त्याने काय जिंकलं, कुळ कोणतं, आणि दिसतो कसा. त्याची पैदास अजून कोणी पाहिलेलीच नसते. दुसऱ्या वर्षी शिंगरं जन्मतात, तिसऱ्या वर्षी ती इयरलिंग (वर्षभराची शिंगरं) म्हणून लिलावात येतात आणि चौथ्या वर्षी धावतात. या मधल्या काळात मालक बिचकतात. "पोरं धावली आणि आपटली तर माझं शिंगरू कोण घेणार?" ही ती भीती. म्हणून तिसऱ्या-चौथ्या हंगामात जवळजवळ प्रत्येक स्टॅलियनची फी उतरते आणि घोड्यांचा ओघही आटतो.

या उतारानंतरच्या चढाचं सर्वांत बोलकं ताजं उदाहरण इंग्लंडमधल्या व्हिट्सबरी मॅनर स्टडचा हवाना ग्रे. २०२२ च्या हंगामात त्याची फी ६,००० पौंड होती. त्याच वर्षी त्याची पहिली दोन वर्षांची पोरं मैदानात उतरली आणि जिंकतच सुटली. २०२३ मध्ये फी १८,५०० झाली, २०२४ मध्ये ५५,०००. केंटकीतल्या स्पेंडथ्रिफ्ट फार्मचा इन्टू मिस्चिफ २००९ मध्ये १२,५०० डॉलरवर सुरू झाला, ७,५०० पर्यंत घसरला, आणि २०२२ मध्ये अडीच लाख डॉलरवर होता. न्यूमार्केटचा दुबावी २५,००० पौंडांवर आला, २००९ मध्ये १५,००० वर उतरला आणि २०१७ मध्ये अडीच लाख पौंडांवर पोहोचला. त्याचा बाप दुबई मिलेनियम एकच हंगाम करून २००१ मध्ये मेला होता, अवघी ५६ शिंगरं मागे ठेवून. त्या छप्पन्नांतून असा एक निघाला.

उलट दिशेची उदाहरणं जास्त आहेत, पण ती कोणी जाहिरातीत छापत नाही. फुसाइची पेगासस २००० सालची केंटकी डर्बी जिंकला. कूलमोर या बड्या पैदास फार्मने त्याला घेतलं तेव्हा किंमत सहा कोटी डॉलरच्या घरात असल्याच्या बातम्या होत्या. पहिली फी दीड लाख डॉलर. पुढे ती साडेसात हजारांवर आली. द ग्रीन मंकी २००६ मध्ये दोन वर्षांचा असताना लिलावात १ कोटी ६० लाख डॉलरला गेला, तीन वेळा धावला, एकदाही जिंकला नाही. तरी तो स्टडवर उभा राहिला, ५,००० डॉलर फीवर, कारण कुळ होतं.

म्हणून फी कुठल्या वर्षातली आहे ते आधी विचारा. पहिल्या वर्षाची फी म्हणजे आशेचा भाव. चौथ्या वर्षाची फी म्हणजे भीतीचा भाव. सातव्या-आठव्या वर्षापासून मात्र ती बऱ्यापैकी पुराव्यावर उभी असते. छोट्या मालकाला पैसे कमवायची संधी भीतीच्या वर्षांत असते, पण उतरलेला प्रत्येक घोडा पुन्हा चढत नाही. कोणता चढेल, हे ओळखायला पुढचं काम करावं लागतं.

कॅटलॉग वाचताना

लिलावाच्या कॅटलॉगात ठळक अक्षरं असतात. ग्रुप वन, टू, थ्री किंवा लिस्टेड (या सगळ्या वरच्या दर्जाच्या शर्यती, ग्रुप वन सर्वांत वरची) शर्यत जिंकलेल्याचं नाव ठळक आणि मोठ्या लिपीत, दुसरा-तिसरा आलेल्याचं ठळक पण साध्या लिपीत. यालाच 'ब्लॅक टाइप' म्हणतात. नवख्याची नजर पानभर पसरलेल्या ठळक नावांवर जाते. मी आधी अंतर मोजतो: ती नावं पहिल्या आईखाली, म्हणजे खुद्द आईखाली, आहेत की तिसऱ्या-चौथ्या आईखाली, म्हणजे आजीच्या आईखाली किंवा त्याही मागे? पणजीच्या भावंडांनी चाळीस वर्षांपूर्वी काय जिंकलं, त्यासाठी मी एक रुपयाही जास्त देणार नाही.

रक्त तेच असलं तरी गुण येतीलच असं नाही. फ्रँकेल चौदापैकी चौदा शर्यती जिंकला. २०१३ मध्ये त्याची फी सव्वा लाख पौंड होती, २०२४ मध्ये साडेतीन लाख. त्याचा सख्खा भाऊ नोबल मिशन, तोही ग्रुप वन विजेता, केंटकीत स्टडवर बसला. तिथे जम बसला नाही आणि पुढे तो जपानला गेला. आईबाप तेच. "फलाण्याचा सख्खा भाऊ" म्हणून फी मागितली जाते तेव्हा हे आठवावं.

शर्यतीतला पराक्रम आणि पैदाशीतला पराक्रम यांचंही नातं सरळ नाही. डॅन्झिग गुडघ्याच्या दुखण्यापायी तीनदाच धावला, तिन्ही जिंकला, एकही मोठी शर्यत त्याच्या नावावर नव्हती. तो त्याच्या काळातला अत्यंत प्रभावी स्टॅलियन ठरला. सेक्रेटॅरिएटसारखा धावणारा पुन्हा झाला नाही. त्याच्या मुलग्यांनी स्टडवर बापाचं नाव पुढे चालवलं नाही, पण मुलींनी चालवलं: स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी या दोघांच्याही आया सेक्रेटॅरिएटच्या मुली. ज्याला पुढच्या पैदाशीसाठी मादी शिंगरू ठेवून घ्यायचं आहे आणि ज्याला शिंगरू विकायचं आहे, त्या दोघांनी म्हणून एकाच स्टॅलियनला एकच किंमत देऊ नये.

खुद्द घोडा पाहायला जरूर जा. पुढचे गुडघे बाजूने पाहा, मागे झुकलेले आहेत का. समोरून चालवून घ्या, टाप सरळ पडते का पाहा. पण उंचीने दबून जाऊ नका. नॉर्दर्न डान्सर जेमतेम पंधरा हात दोन इंच होता (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे चार इंच). इयरलिंग असताना त्याच्या मालकाने मागितलेले २५,००० डॉलर द्यायला कोणी पुढे आलं नाही. १९६४ मध्ये तो केंटकी डर्बी जिंकला, १९६५ ला १०,००० डॉलर फीवर स्टडवर बसला, आणि ऐंशीच्या दशकात त्याच्या एका संयोगासाठी हमीविना दहा लाख डॉलरपर्यंत मोजले गेले. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पाहताना भोवरे, देवमण, पंचकल्याण अशा शुभ-अशुभ खुणांवर भाव ठरतो, आणि त्या बाजारात ते बरोबरही आहे. थरोब्रेडच्या फीत मात्र रंग आणि भोवरे यांना जागा नाही. शक्य असेल तर स्टॅलियनपेक्षा त्याची दहा-बारा शिंगरं पाहा. सगळ्यांत सारखा येणारा दोष दिसला, तर तो बापाचा.

घोड्या वजा करा

आता मुख्य काम.

स्टॅलियनच्या जाहिरातीत 'इतके विजेते', 'इतक्या कोटींची कमाई' असं लिहिलेलं असतं. एकूण संख्या निरुपयोगी आहे, कारण काही स्टॅलियनची दरवर्षी दीडशे-दोनशे शिंगरं होतात आणि काहींची तीस. टक्केवारी काढा. भागाकारात खाली 'धावलेले घोडे' नकोत, 'जन्मलेली शिंगरं' हवीत. लंगडी निघून कधी धावलीच नाहीत तीही त्याचीच. त्यातल्या किती जणांनी ब्लॅक टाइप शर्यत जिंकली? शंभरात पाच असतील तर घोडा चांगला. दहा असतील तर तो मोजक्यांपैकी. नॉर्दर्न डान्सरच्या ६४५ शिंगरांपैकी १४७ स्टेक्स विजेते (अशा मोठ्या शर्यती जिंकणारे) झाले, म्हणजे शंभरात जवळजवळ तेवीस. तो आकडा नुसता पाहिला तरी मला आजही भरून येतं.

पण टक्केवारीही पुरी नाही. प्रवेश देतानाच हुशार मुलं वेचून घेणाऱ्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला, तर तेवढ्यावरून शिक्षकांची परीक्षा होत नाही. साडेतीन लाख पौंडांच्या स्टॅलियनकडे कोण घोडी पाठवतं? ज्याच्या घोडीची आधीची पोरं ग्रुप वन जिंकली आहेत असा मालक. अशा घोडीला साध्या स्टॅलियनकडूनही बरं शिंगरू झालं असतं. तेव्हा त्या निकालातला आईचा वाटा वजा केल्यावर जे उरतं, ती स्टॅलियनची खरी किंमत.

अमेरिकेत यासाठी दोन निर्देशांक तयार मिळतात. एक, सरासरी कमाईचा: या स्टॅलियनच्या धावणाऱ्या पोरांची सरासरी कमाई देशातल्या सर्वसाधारण घोड्याच्या किती पट, यात १.०० म्हणजे सरासरी. दुसरा तुलनेचा: त्याच्याकडे आलेल्या माद्यांना इतर स्टॅलियनपासून झालेल्या पोरांची कमाई किती पट. दोन्ही शेजारी लिहा. समजा एका घोड्याचे आकडे २.१० आणि २.४० आहेत, दुसऱ्याचे १.५० आणि १.१०. पहिला मोठा दिसतो, पण त्याच्याकडे आलेल्या घोड्यांनी इतरांपासून याहून चांगली पोरं दिली होती. तो त्यांना खाली ओढतोय. दुसरा साध्या घोड्यांना वर उचलतोय. तुमची घोडी मध्यम असेल, आणि छोट्या मालकाची बहुधा तशीच असते, तर दुसऱ्याकडे जा. त्याची फी निम्मी असण्याचीही शक्यता आहे.

आपल्याकडे हे हाताने करावं लागतं, आणि त्याला एक पूर्ण रविवार द्यावा लागतो. स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या नोंदींत प्रत्येक घोडीची वर्षवार पैदास असते आणि टर्फ क्लबांकडे निकाल. स्टॅलियनचे दोन हंगाम निवडा, ज्यांतली पोरं आता चार-पाच वर्षांची झाली आहेत असे. त्या हंगामांतल्या सगळ्या आयांची यादी करा. प्रत्येक आईपुढे तीन रकाने: या स्टॅलियनपासून झालेल्या पोराची सर्वांत चांगली कामगिरी, इतर स्टॅलियनपासून झालेल्या पोरांतली सर्वांत चांगली कामगिरी, आणि निकाल. याचं पोर सरस तर अधिक, कमी तर उणे, बरोबरीचं तर शून्य. जिला दुसऱ्या कुणापासून पोरच नाही तिला यादीतून काढून टाका. आणि एक ध्यानात ठेवा, जिची इतर सात पोरं आहेत तिच्यातलं सर्वोत्तम साहजिकच चांगलं असणार. तिथे सर्वोत्तमाऐवजी मधलं पोर धरा. वीस-पंचवीस आयांची यादी झाली की चित्र उभं राहतं. अधिक आणि उणे निम्मेनिम्मे असले तर घोडा तटस्थ आहे, आईच्या गुणांवर चालतो. अधिक दुप्पट असतील तर फी वाढायच्या आत घोडी बुक करा.

भारतात यात आणखी एक पेच आहे. इथले बहुतेक स्टॅलियन मोठ्या फार्मच्या मालकीचे असतात आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या बऱ्याचशा घोड्याही त्याच फार्मच्या. उत्तम घोड्या, उत्तम कुरण, उत्तम पशुवैद्य, पुढे उत्तम ट्रेनर आणि चांगले जॉकी, हे सगळं त्या शिंगरांच्या वाट्याला येतं. निकालात दिसतं फक्त बापाचं नाव. म्हणून मी यादी करताना फार्मच्या घरच्या आणि बाहेरून आलेल्या घोड्या वेगळ्या लिहितो. बाहेरच्या घोड्यांची पोरं वेगवेगळ्या पागांत वाढतात आणि वेगवेगळ्या ट्रेनरांकडे जातात. तीही अधिकमध्ये असतील, तर गुण स्टॅलियनचा. घरची चमकली आणि बाहेरची पडली, तर त्या फीतला मोठा हिस्सा कुरणाचा आणि व्यवस्थापनाचा आहे, आणि तो तुमच्या घोडीसोबत तुमच्या तबेल्यात येणार नाही.

कुळांच्या जोडण्यांविषयी फार बोललं जातं. गॅलिलिओ आणि डेनहिलच्या मुली ही जोडी गाजली. फ्रँकेल आणि टेओफिलो दोघेही त्यातूनच आले. खरं आहे. पण गॅलिलिओकडे पाठवलेल्या डेनहिलच्या मुली या आयर्लंड-इंग्लंडमधल्या निवडक घोड्या होत्या, हेही तितकंच खरं आहे. जोडी जमली म्हणून फी वाढवून मागणाऱ्याला मी विचारतो, याच मुलींनी दुसऱ्या स्टॅलियनपासून काय दिलं?

बाजार चुकतो तिथे

या पद्धतीवर माझा जीव आहे, कारण बाजार खरोखर चुकतो. संडे सायलेन्स १९८९ मध्ये केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि ब्रीडर्स कप क्लासिक जिंकला. तरी अमेरिकन ब्रीडरांनी त्याच्या कुळाकडे पाहून नाकं मुरडली. जपानच्या शादाई फार्मने त्याला नेलं. १९९५ ते २००७ अशी तेरा वर्षं तो जपानचा अव्वल स्टॅलियन होता, आणि त्याचा मुलगा डीप इम्पॅक्ट याची फी पुढे चार कोटी येनपर्यंत गेली.

आपला रझीन त्याच जातीचा दाखला. नॉर्दर्न डान्सरचा मुलगा, १९९० च्या एप्सम डर्बीत फेव्हरिट म्हणून उतरला आणि पार मागे राहिला. युरोपात त्याला कोणी पैदाशीसाठी धरून ठेवलं नाही. तो हरियाणातल्या उषा स्टडवर आला आणि वर्षानुवर्षं भारताचा अव्वल स्टॅलियन राहिला. भारतात येणारे स्टॅलियन बहुतेक असेच असतात: कुळ मोठं, पण तिकडच्या बाजाराला नकोसे झालेले. त्यामुळे इथे त्यांचा परदेशातला जाहीर भाव सांगून फी मागितली जाते तेव्हा तो भाव कोणत्या वर्षीचा, तेही विचारावं. शिवाय आपली इंडियन डर्बी फेब्रुवारीत, नुकत्याच चार वर्षांच्या झालेल्या घोड्यांची असते. तिकडे दोन वर्षांच्या वयात पाच फर्लांग (सुमारे एक किलोमीटर) धावणाऱ्यांचा बाप महाग विकला जातो. महालक्ष्मीवर दीड मैल टिकणारं पोर देणारा कदाचित तिकडे स्वस्तात मिळेल. ही दरी ओळखणाऱ्या भारतीय फार्मांनी चांगले सौदे केले आहेत.

पूर्ण घोड्याची किंमत

फी आणि घोड्याची किंमत यांचा एक जुना ठोकताळा आहे. स्टॅलियनचे चाळीसेक शेअर करतात, प्रत्येक शेअरला वर्षाला एका घोडीचा हक्क. शेअरची किंमत फीच्या तीन ते चार पट. म्हणजे घोड्याची किंमत साधारण फीच्या १२० ते १६० पट. सेक्रेटॅरिएटचे १९७३ मध्ये ३२ शेअर झाले, प्रत्येकी १ लाख ९० हजार डॉलर, एकूण ६० लाख ८० हजार. शेरगरचे ४० शेअर, प्रत्येकी अडीच लाख पौंड, एकूण एक कोटी. फेब्रुवारी १९८३ मध्ये आयर्लंडमधून तो चोरीला गेला आणि एकाच हंगामाची ३५ शिंगरं मागे राहिली. किंमत लावताना आयुष्य आणि विमा का मोजायचा, ते इथे कळतं.

आता मोठे फार्म शंभर-दीडशे घोड्या घेतात. चौथ्या वर्षाचा उतार येण्याआधी, पहिल्या तीन हंगामांत पैसे वसूल करायचे असतात. अमेरिकेच्या जॉकी क्लबने २०२० मध्ये एका स्टॅलियनला वर्षाला १४० घोड्यांची मर्यादा घालायचं ठरवलं. २०२२ मध्ये ती मागे घेतली. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की पहिल्या हंगामातल्या स्टॅलियनकडे घोडी नेलीत, तर लिलावात त्याची आणखी शंभर पोरं तुमच्या शिंगराशेजारी उभी असतील.

घोडा विकत घेणार असाल तर सर्वांत आधी वीर्यतपासणी. सिगार हा १९९५ आणि १९९६ चा अमेरिकेचा हॉर्स ऑफ द इयर. स्टडवर गेला आणि पूर्ण वंध्य निघाला. विमा होता म्हणून मालक वाचले. जॉर्ज वॉशिंग्टनचं एकच शिंगरू झालं. १ कोटी २ लाख डॉलरचा स्नाफी डान्सर कधी धावला नाही आणि त्याच्यापासून चार शिंगरं झाली. घोडी नेणाऱ्यानेही विचारावं: गेल्या हंगामात शंभर घोड्यांपैकी किती लागल्या, आणि एका माजात लागल्या की तीन? तीन माज लागणारा घोडा तुमचं शिंगरू मे महिन्यात ढकलतो.

शेवटी हिशेब

फी कितीपर्यंत द्यावी? उलटा हिशेब मांडा. समजा, तुमच्या घोडीच्या अशा स्टॅलियनपासूनच्या इयरलिंगला वास्तवात १२ लाख मिळू शकतात. मोठ्या लिलावातला विक्रमी आकडा इथे धरू नका, सरासरीही नको. अर्धी शिंगरं ज्याच्यावर आणि अर्धी ज्याच्याखाली गेली तो मधला आकडा धरा. घोडीचं वर्षभराचं आणि शिंगराचं विक्रीपर्यंतचं खाणं, मोतद्दार, नाल, औषधं, विमा मिळून समजा ६ लाख. तीनातलं एक वर्ष घोडी रिकामी जाईल किंवा शिंगरू सदोष निघेल, त्याचा भार समजा २ लाख. उरले ४. फी ३ लाख असेल तर तुमच्या कष्टाला लाख राहतो. ४ असेल तर तुम्ही फार्मसाठी फुकट राबताय. सर्वसाधारणपणे अपेक्षित विक्रीच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे फी गेली की मी मालकाला थांबवतो. आणि फी कितीही परवडली, तरी घोडीच्या स्वतःच्या किमतीपेक्षा ती जास्त नसावी.

जाहीर फी हा बोलणीचा प्रारंभ आहे. दोन घोड्या नेल्या तर सूट मिळते. ब्लॅक टाइप घोडीला जास्त सूट मिळते, कारण तिच्यामुळे स्टॅलियनचे आकडे सुधारतात. फार्मला तुमची घोडी खूप हवी असेल तर अर्धेलीवर बोला: फी नाही, शिंगराच्या विक्रीत निम्मा वाटा. स्पेंडथ्रिफ्टने तर इन्टू मिस्चिफ नवा असताना दोन हंगाम घोडी आणणाऱ्यांना त्याचा आयुष्यभराचा वार्षिक हक्क दिला होता; ज्यांनी तो घेतला त्यांना अडीच लाखांच्या फीच्या काळातही दरवर्षी एक घोडी फी न भरता पाठवता आली.

फोन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात करा, फार्मची यादी भरायच्या आधी. फी, अटीचा प्रकार, पहिल्या संयोगाची तारीख, घोडी रिकामी राहिली तर पुढच्या वर्षी पुन्हा मोफत आहे का, फार्मवर घोडी ठेवण्याचा रोजचा दर, आणि स्टॅलियन हंगामाआधी विकला गेला किंवा मेला तर पैसे परत मिळतील का, हे सगळं लेखी घ्या. घोडीची मागच्या तीन वर्षांची पैदास आणि तपासणीचे कागद त्याच दिवशी पाठवून द्या. चांगले फार्म तुमच्या घोडीची अशीच यादी करतात, आणि त्यांना ती आवडली की फीवरचं बोलणं सोपं होतं.